जावईबापूंची चौकशी

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. "सून विमानाच्या हापिसात आहे," असं त्या शेजारणींना सांगायच्या. त्यामुळे रोह्यातल्या आमच्या आळीत कुणी ना कुणी माझ्याकडे स्वस्तातलं तिकीट मागायचंच. एका बाईंनी तर खिडकीजवळची जागासुद्धा सांगून ठेवली होती. खरं काय ते समजावून सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, म्हणून पुढे पुढे मीही "बघते हं" म्हणायला लागले.

खरं काम असं होतं. आखातात किंवा आणखी कुठे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असेल तरच धंदा करता येतो. सांगितली तीच नोकरी मिळाली पाहिजे, सांगितला तोच पगार मिळाला पाहिजे, अडचण आली तर माणसाला परत आणण्याची जबाबदारी एजंटाची, असे नियम. यातलं काही मोडलं आणि एजंटाने फोन उचलणं बंद केलं, की तक्रार आमच्या मुंबईच्या ऑफिसात यायची. मग आम्ही एजंटाचा खुलासा मागवायचो, सुनावणी घ्यायचो आणि दोष दिसला तर त्याची नोंदणी निलंबित व्हायची किंवा कायमची रद्द व्हायची. मी चौकशी शाखेत होते. साहेब प्रश्न विचारत आणि मी जबाब लिहून घेई.

एजंट ही जात मोठी गोड बोलणारी. सुनावणीला येताना एक जण न चुकता पेढे आणायचा आणि कशाचे विचारलं तर दर वेळी मुलगी पास झाल्याचं सांगायचा. एकाचा हात मोडला म्हणून आम्ही तारीख पुढे ढकलली, तर त्या तारखेला डावा हात गळ्यात होता आणि पुढच्या तारखेला उजवा. साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दुखणं सरकलं." एक गृहस्थ सुनावणी सुरू होताच रडायला लागायचे आणि मधेच थांबून वकिलाकडे बघायचे, एवढं पुरे की आणखी रडू, असं. मला या मंडळींचा राग यायला हवा होता. यायचाही. पण त्यांच्यासमोर बसून हसू आवरणं हाच माझ्या नोकरीतला मोठा कष्टाचा भाग होता.

मी रोह्याची, त्यामुळे रायगडातली तक्रार आली की साहेब हाक मारायचे, "या, तुमच्या गावची मंडळी आलीत." साहेब नागपूरकडचे. पेण, रोहा, अलिबाग हे सगळं त्यांच्या लेखी माझं गाव. कामाला कडक, माणूस सरळ, आणि कोकणातला माणूस सरळ प्रश्नाला सरळ उत्तर का देत नाही, हे कोडं त्यांना बदली होईपर्यंत सुटलं नाही.

पेणच्या सुभाषशेठची गोष्ट सांगते. नाव मी बदललंय, पण ते वाचतील तेव्हा ओळखतीलच, आणि मला फोन करून फोटो का नाही छापला म्हणून भांडतील.

सुभाषशेठ मूळचे हमरापूरकडचे. घरात गणपती घडवायचं काम. पण यांचा हात मातीतही चालेना आणि रंगातही चालेना, म्हणून वडिलांनी त्यांना परदेशी जाणाऱ्या मूर्ती खोक्यात भरायच्या कामाला लावलं. त्यात मात्र ते पटाईत निघाले. सोंडेखाली, प्रत्येक बोटाखाली, उंदराच्या कानामागे पेंढा भरून अशी मूर्ती बसवायचे की समुद्र पार करून एक नख दुखावलं जायचं नाही. गणपती परदेशी पाठवता पाठवता त्यांना वाटलं, माणसं का पाठवू नयेत? रामवाडीत हायवेजवळ त्यांनी काचेच्या दाराचं ऑफिस थाटलं. रीतसर नोंदणी केली, प्रमाणपत्र मोठ्या चौकटीत बसवलं आणि गणपतीच्या तसबिरीशेजारी लावून रोज दोघांना हार घालायला लागले. फक्त माणसं पाठवताना पेंढा भरायचं ते विसरले.

त्यांच्याविरुद्धची तक्रार माझ्याकडे आली ती मात्र ऑफिसात नाही, घरी आली. एका रविवारी मी रोह्याला घरी होते, तर सकाळी दारात एक बाई उभी. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पिशवी. पेणच्या खाडीकडचं गाव तिचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जेवायला बोलावतात. बाईचं नाव काशीबाई. रोह्याला तिची बहीण दिली होती आणि त्या बहिणीला कुणीतरी सांगितलं होतं की इथे विमानाच्या हापिसातली बाई राहते.

"बाय, माजा मंगेश तिकरं मिठागरान हाय गो," ती म्हणाली, आणि पायरीवरच बसली.

मंगेश तिचा एकुलता मुलगा. काशीबाईचं अख्खं घराणं मिठागरातलं. तिच्या नवऱ्याने जन्मभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढलं. त्याच्या पायांना भेगा पडल्या, भेगांत मीठ गेलं आणि शेवटी शेवटी त्याला भिंत धरून चालावं लागायचं. तो गेला तेव्हा काशीबाईने ठरवलं की पोराचा पाय मिठात पडू द्यायचा नाही. त्याला तिने शिकवला, बारावी केला, कम्प्युटरचा कोर्स करायला लावला. मग सुभाषशेठनी सांगितलं की परदेशात मोठ्या कंपनीच्या गोदामात कम्प्युटरवर नोंदी करायचं काम आहे, एसीत, खुर्चीवर बसून. मंगेश गेला. आणि गोदामाऐवजी त्याला समुद्रकाठच्या मिठागरात नेऊन उभा केला. पासपोर्ट मालकाने काढून घेतला.

"आये, मी हसू का रडू, असं बोलला फोनवर. हसतच होता गो. मीठच वढायचा होता तं हितं काय कमी हाय? हितं निदान सांच्याला घरी तरी आला असता." तिने पदराने डोळे पुसले. "त्याच्या बापाचे पाय मी बघलेत. माना माजा पोर पाहिजे, दुसरा काय नको. आन त्याला."

पिशवीत सुके बोंबील होते. सरकारी नोकराने काही घ्यायचं नसतं हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "हे सरकारला कुठं हायत, तुला हायत." बोंबील मी परत दिले. वास आठवडाभर राहिला आणि सासूबाई आठवडाभर म्हणत राहिल्या की विमानाच्या हापिसात हल्ली काहीही चालतं.

तक्रार नोंदवली. आता अडचण अशी की सुभाषशेठचे कागद अगदी स्वच्छ होते. मंगेशने सही केलेल्या करारात "सर्वसाधारण कामगार" एवढंच लिहिलं होतं, आणि त्या दोन शब्दांत खुर्चीही बसते आणि मिठागरही बसतं. गोदाम, एसी, कम्प्युटर हे सगळं शेठ तोंडी बोलले होते. खोटं सांगून माणूस पाठवला हे सिद्ध करायचं तर ते बोलताना ऐकलेले साक्षीदार हवेत. काशीबाईने सांगितलं की साक्षीदारांना तोटा नाही, कारण शेठ गावच्या देवळासमोर उभं राहून सगळ्या गावादेखत बोलले होते. तक्रारीवर गावातल्या बऱ्याच जणांनी सह्याही केल्या.

खुलाशात सुभाषशेठनी सगळं नाकारलं आणि खाली नम्र विनंती केली की गरीब साक्षीदारांना मुंबईचा फेरा पडू नये म्हणून चौकशी गावातच घ्यावी. साहेब खूश झाले. "इतकं सहकार्य करणारा एजंट मी पाहिला नाही," म्हणाले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. पण मीही मनात म्हटलं, चला, घराजवळ काम आहे.

चौकशीच्या दिवशी आम्ही गावच्या समाजमंदिरात पोचलो. साहेबांसाठी लोखंडी घडीची खुर्ची मांडली होती, बसल्यावर कुरकुरणारी. शेजारी सरपंचांच्या घरून आणलेली गादीची मोठी खुर्ची, तिच्यावर नवा कोरा टॉवेल. साहेब तिच्याकडे निघाले तर एका म्हाताऱ्याने त्यांना हलकेच कोपराला धरून घडीच्या खुर्चीकडे वळवलं. एवढ्यात बाहेर गाडी थांबली. सुभाषशेठ उतरले, पांढरा सदरा, कपाळाला गंध. सगळा गाव उठून उभा राहिला.

"या जावयबापू, या," तो म्हातारा म्हणाला, आणि टॉवेलच्या खुर्चीवर आरोपी विराजमान झाले.

तेव्हा मला कळलं. सुभाषशेठची बायको या गावची. काशीबाईची सख्खी पुतणी. खाडीकडच्या गावांत एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई असतो. त्याच्यासमोर मोठ्याने बोलायचं नाही, त्याला उलट उत्तर द्यायचं नाही, त्याच्या तोंडावर त्याला नाव ठेवणं तर सोडाच. ठेवलं तर उद्या त्याच्या घरी नांदणाऱ्या आपल्या लेकीला ते ऐकून घ्यावं लागतं. काशीबाईने हे मला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

तो म्हातारा म्हणजे नामादादा, गावातले वडीलधारे, तक्रारीवर पहिली सही त्यांची. साहेबांनी त्यांना विचारलं, "या एजंटाने खोटी आश्वासनं दिली का?"

नामादादांनी छताकडे पाहिलं. "माना आयकू कमी येतं, साहेब."

"मग सही का केलीत?"

"सगल्यांनी केली, म्हणून मीनी पन केली."

दुसऱ्याला त्या दिवशी तो गावात होता की नव्हता ते आठवेना. तिसरा म्हणाला, शेठ बोलले असतील, पण वारा उलट दिशेला होता. शेवटी काशीबाईला बोलावलं. ती पुढे आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि साहेबांऐवजी सुभाषशेठकडे वळून म्हणाली, "चाय घेतली का, जावयबापू?"

"घेतली, काकी," शेठ म्हणाले, आणि माझ्याकडे बघून गोड हसले.

मी काशीबाईकडे पाहिलं. माझ्या पायरीवर बसून जे सगळं बोलली होती ते इथे बोलायची तिला सोय नव्हती. आपण आत्ता गप्प राहिलो तर मंगेश तिकडेच राहणार, हे तिला कळत होतं. मला त्या खुर्चीचा, त्या टॉवेलचा आणि त्या गोड हसण्याचा भयंकर राग आला. साहेब तर मला म्हणाले, "आवरा कागद. तक्रारदारच फितूर झाली."

कागद आवरताना मला माझी मावशी आठवली. मावशीचा जावई खादाड. पण तिने एकदाही त्याला खादाड म्हटलं नाही. ती चारचौघांत सांगायची, "आमचे जावई इतके मोकळे, की पोळ्यांचा डबा अगदी तळापर्यंत मोकळा करतात." माझा नवरा पहिल्यांदा माहेरी आला तेव्हा त्याच्या वजनाने झोपाळ्याची कडी निसटली, तर माझे काका म्हणाले होते, "जावईबापूंनी बरं केलं, कडी जुनी झालीय हे आम्हाला कळतच नव्हतं." आमच्याकडे जावयाविषयी काही सांगायचं असेल तर ते कौतुकातूनच सांगतात. दुसरा रस्ताच नाही.

मी साहेबांच्या कानाशी वाकले. "साहेब, तक्रार विचारू नका. कौतुक विचारा."

"काय?"

"जावई किती चांगला आहे ते विचारा. मी लिहून घेते."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय. पण माणूस चांगला, म्हणाले, "तुम्हीच विचारा."

मी पेन उघडलं आणि नामादादांना म्हटलं, "दादा, तक्रारीचं राहू दे. तुमच्या गावाला एवढा मोठा जावई मिळाला. पोरांसाठी एवढी धडपड करतो. त्या दिवशी देवळासमोर काय काय म्हणाले ते जरा आम्हाला सांगा तरी. मुंबईच्या लोकांना कळू दे."

नामादादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत जे लुकलुकलं ते मी विसरणार नाही. एका क्षणात त्यांना ऐकूही यायला लागलं.

"असा जावय कोनाला भेटनार नाय, बाय," त्यांनी सुरुवात केली. "देवलासमोर हुबं रायले आन बोलले, मंगेश माजा मेव्हना, त्याला मी खुर्चीवर बसवनार. गोदामान. कम्प्युटर त्याच्या पुढ्यान. येसी तं येवढी थंड का सोटर घालून बसायला लागंल. हात काला होनार नाय, पाय वला होनार नाय, असं बोलले. कोन करतं वो दुसऱ्याच्या पोरासाठी येवढा?"

मी लिहीत होते. सुभाषशेठ खुर्चीत जरा सावरून बसले. ज्याला आठवत नव्हतं तो उठला आणि म्हणाला की जेवण कंपनीचं, राहणं कंपनीचं आणि शुक्रवारी सुट्टी हेही जावयबापूंनीच सांगितलं, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस. वारा उलट असलेल्या माणसालाही आता सगळं स्वच्छ ऐकू आलेलं निघालं. मागून बायकांनी भर घातली. कौतुकाची नुसती चढाओढ लागली.

"खरं का हो शेठ?" मी विचारलं. "एवढं सगळं तुम्ही म्हणालात? की गावकरी वाढवून सांगताहेत?"

बिचारे सुभाषशेठ. सगळं सासर कौतुकाने त्यांच्याकडे बघत होतं. सासरे, मेहुणे, मेहुण्यांच्या बायका. एवढ्या लोकांसमोर "मी नाही असं म्हणालो" म्हणून आपलाच मोठेपणा कोण खाली उतरवील? त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

"म्हणालो ना, मॅडम. मीच म्हणालो. उलट हे विसरले, दुपारी चहा-बिस्कीट पण सांगितलं होतं."

तेही मी लिहिलं.

शेवटी काशीबाई. "तुमचं काही कौतुक?" मी विचारलं.

"माजा जावय सबदाचा पक्का हाय," ती म्हणाली. "तो बोललाय का मंगेशचा पाय मिठान परनार नाय. मंग तो परू देनार नाय. तो सोता जाल आन त्याला घेऊन येल. माना म्हाईत हाय."

मी जबाब वाचून दाखवला, सगळ्यांनी सह्या केल्या. सर्वांत ऐटीत सही सुभाषशेठनी केली. ते गाडीत बसले तेव्हाही हसत होते. गाडी बहुधा हायवेला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण तासाभराने वकिलाचा फोन आला की अशिलाची तब्येत ठीक नव्हती आणि जबाब बदलून मिळेल का.

साहेबांचं मत झालं की नोंदणी रद्दच करून टाकावी. मी म्हटलं, "साहेब, रद्द केली तर शेठकडे गमावण्यासारखं काहीच उरणार नाही, मग मंगेशला कोण आणणार? निलंबित करा. मुलगा परत येईपर्यंत निलंबित." तिकडच्या मालकाला आणखी माणसं हवी असतात, त्यामुळे तो आपल्या सरकारी पत्रापेक्षा एजंटाचं लवकर ऐकतो, हे या धंद्यातलं न आवडणारं सत्य आहे. साहेब म्हणाले, "तुम्हीसुद्धा शेवटी जावयाचीच बाजू घेतलीत." पण आदेश तसाच काढला.

निलंबन झालं की मूळ प्रमाणपत्र आमच्याकडे जमा करावं लागतं. सुभाषशेठ ते लाल कापडात गुंडाळून घेऊन आले. कापड सोडलं तर काचेवर हळद, कुंकू आणि सुकलेली फुलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, "एक मिनिट, मॅडम. असं कसं देऊ?" त्यांनी खिशातून अक्षतांची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर त्या चौकटीची उत्तरपूजा केली. गणपती हलवताना करतात तशी, अगदी सगळी. अक्षता वाहिल्या, पुन्हा यावं म्हणून मंत्र म्हटला, आणि चौकट जराशी जागेवरून सरकवली. नेमके तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले आणि मंत्र ऐकून सवयीने त्यांनी हात जोडले. पुढे कित्येक दिवस माझ्या शिक्क्याच्या पॅडमधून तांदूळ निघत होते.

"कधी परत मिळेल, मॅडम?"

"मंगेश परत आला की."

त्यानंतर ते रोज फोन करायचे. मालक ऐकत नाही, मालक बाहेरगावी गेलाय, मालकाच्या घरी लग्न आहे. मी रोज तेवढंच वाक्य सांगायचे. रामवाडीचं काचेचं दार बंद होतं. घरी बायकोने अबोला धरला होता, हेही त्यांनीच सांगितलं. इकडे काशीबाईही फोन करायची, पण ती काही विचारायची नाही. "सहज केला गो," म्हणायची आणि वाट बघत राहायची. तेवढ्या दिवसांत एकदा मंगेशचा फोन लागेना तेव्हा तिला काय सांगावं ते मला कळेना, आणि निलंबनाचा सल्ला देऊन मी चूक तर केली नाही ना, असं वाटून मी जेवले नाही.

मग एक दिवस सुभाषशेठचा वेगळाच फोन. "मॅडम, विमानात चप्पल चालते का?"

एवढी माणसं परदेशी पाठवलेला हा गृहस्थ स्वतः कधी विमानात बसला नव्हता! "काकी सगळ्या गावासमोर म्हणाली ना, मी स्वतः जाईन म्हणून," ते म्हणाले. "आता नाही गेलो तर सासरी तोंड दाखवता यायचं नाही." मी म्हटलं, बूट घाला. गेले. मालकाच्या ऑफिसात ठाण मांडून बसले, त्याला यापुढे माणसं कोण देणार ते विचारलं, आणि पासपोर्टसकट मंगेशला घेऊन आले. नवे बूट तिकडच्या खाऱ्या पाण्यात गेले ते गेलेच.

प्रमाणपत्र त्यांना परत मिळालं, सक्त ताकीद देऊन. तोवर मी निवृत्त झाले होते, त्यामुळे काशीबाईने जेवायला बोलावलं तेव्हा नियमाची आडकाठी नव्हती. पानं मांडली होती. जावयबापू मानाच्या पाटावर, मग नामादादा, मग मी, आणि समोर मंगेश. हडकलेला, करपलेला, पण घरी. बेत जिताड्याचा. आमच्याकडे जावई आला की जिताडाच, त्याच्यावर मासा नाही.

पहिला घास घेतला आणि मी थबकले. कालवणात मीठच नव्हतं. भातात नव्हतं, वालाच्या बिरड्यात नव्हतं, भाकरीत नव्हतं. आम्हा बाकीच्यांच्या ताटात डाव्या हाताला मिठाचा चांगला मोठा ढीग वाढलेला होता. जावयबापूंच्या ताटात तेवढी जागा रिकामी होती.

जावयाने सासरी मीठ मागायचं म्हणजे स्वयंपाकाला नाव ठेवायचं. सुभाषशेठनी एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं, मिठाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि दुसरा घास घेतला.

"कसा झालाय जिताडा, जावयबापू?" काशीबाईने विचारलं.

"छान झालाय, काकी."

"मंग आजून घ्या." आणि तिने आणखी दोन तुकड्या वाढल्या. नामादादा म्हणाले की जावयबापूंसारखं तृप्त होऊन जेवणारा माणूस पंचक्रोशीत नाही. शेठनी सगळं संपवलं, एक शितही टाकलं नाही. शेवटचा भात वाढल्यावर काशीबाईने कनवटीची एक छोटी पुरचुंडी सोडली आणि चिमूटभर जाडं मीठ त्यांच्या ताटात, त्या रिकाम्या जागी ठेवलं.

"मंगेशच्या बॅगेच्या तलाशी निघाला," ती म्हणाली. "तिकरचा हाय."

सुभाषशेठनी ते भातात कालवलं आणि मान खाली घालून खाल्लं.

हात धुताना ते माझ्याजवळ आले. "मॅडम, आदेशात तर निलंबनाचीच शिक्षा होती ना? मग हे जेवण कुठल्या कलमाखाली?"

"कुठल्याच नाही, शेठ."

"मला वाटलंच," ते म्हणाले. हसले, पण डोळे ओले होते. आता त्यांच्या ऑफिसात कुणी नोकरीला आलं की ते आधी त्याला घरच्यांसकट बसवतात आणि तिकडे काय काय मिळणार नाही ते सांगतात. धंदा कमी झालाय, असं म्हणतात. असेल.

निघताना मी मंगेशजवळ बसले. तो ओट्यावर पाय पसरून बसला होता आणि काशीबाई त्याच्या टाचांच्या भेगांत खोबरेल भरत होती. तिने पदराआडून भेगा मोजल्यासारख्या एकेक करून बघितल्या.

"मॅडम," मंगेश हळूच म्हणाला, "येखादा चांगला एजंट म्हाईत हाय का? हितं काय काम नाय वो. बाजूच्या देशात खरंच गोदामं हायत, मी बघलीत."

मी काशीबाईकडे पाहिलं. मला वाटलं ती आता ओरडेल.

तिने वर पाहिलं नाही. तेलाचं बोट तेवढं एका खोल भेगेवर थांबलं.

"सांग त्याला येखादा, बाय," ती म्हणाली. "पन आधी पाय भरू दे."